गंधकाचं काळीज

२ फेब्रुवारी

ही वही दादाने दिली ती रसायनांच्या नोंदींसाठी. तारीख, मापं, किती मिनिटं, पाणी किती कोमट, बस्स. पण एकतीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईच्या हातात कोरी वही दिली तर ती नुसती मापं लिहील, असं ज्याला वाटतं त्याला स्वतःची बहीण कळलेलीच नाही. मापं मी मागच्या पानापासून लिहीन. पुढची पानं माझी.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "छोटे, ये थोडे दिवस. काम आहे." मी बासष्टची, तो सत्तरचा, तरी मी अजून छोटीच. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली, म्हणून मला वाटलं, घर आवरायला माणूस हवंय. येऊन बघते तर घर लख्ख! काम आहे ते मागच्या अंधाऱ्या खोलीत. स्टुडिओ बंद करून पाच वर्षं झाली, पण ती खोली त्याने तशीच ठेवली आहे. दगडी मोरी, लाल दिवा, भिंतीला टेकवलेल्या पसरट थाळ्या, फोटो मोठा करायचं यंत्र आणि बाटल्याच बाटल्या.

काम असं. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा धड एकच फोटो आहे. तोही वहिनीने काढलेला. ती अकरा फोटो काढत राहिली आणि भिंगावरचं झाकण तसंच! बाराव्याला दादाच्या ते लक्षात आलं आणि तो असा हसला की डोळे मिटले. तिने झाकण काढून तेवढ्यात कळ दाबली. ती निगेटिव्ह त्याने जपून ठेवली आहे. चिमणी, म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची, चौदा मार्चला आठ दिवसांसाठी येणार. तिला तो फोटो द्यायचा आहे. तोही साधा काळा-पांढरा नाही, तपकिरी.

"काळा फोटो म्हणजे उघडी चांदी," दादा म्हणाला. "हवेने खराब होते. तिचं गंधकाशी लग्न लावून दिलं की शंभर वर्षं कोणी तिला हात लावत नाही."

"मग लाव की. मी कशाला?"

"माझे डोळे."

डोळ्यांना काहीही झालेलं नाही. मघाशी खिडकीतून रस्त्यापलीकडच्या पाटीवरची चूक दाखवत होता. आयती बिनपगारी मदतनीस मिळाली, एवढंच.

छापायचा जुना कागद दहाच पानं उरला आहे. तो करणारा कारखाना केव्हाच बंद पडला. हे दहा संपले की संपलं.

५ फेब्रुवारी

बाटल्या पुसल्या. जुन्या चिठ्ठ्यांवरचं दादाचं अक्षर काय सुंदर! ठसठशीत, मोकळं, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभेल असं. मधल्या काळातल्या चिठ्ठ्या जरा बारीक. आणि गेल्या वर्षीच्या तर मुंग्यांची रांग! शब्दाच्या सुरुवातीला मुंगी, शेवटाला मुंगीची अंडी. तळटीपसुद्धा याहून मोठ्या अक्षरात लावतात. म्हटलं, "कागद वाचवतोस का रे?" म्हातारपणी माणूस चिक्कू होतो म्हणतात, पण इतका? मी सगळ्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात पुन्हा लिहिल्या.

एका बाटलीत माणकांसारखे लाल खडे आहेत. इतके सुंदर की हातात घ्यावेसे वाटतात. नाव वाचलं, पोटॅशियम फेरिसायनाइड. मी बाटली खाली ठेवून दोन पावलं मागे.

"सायनाइड? मला मारायला बोलावलंस?"

"ते लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं गं. आम्ल ओतू नकोस, तापवू नकोस, मग सुटत नाही."

बांधलेल्या कुत्र्याबद्दलही लोक असंच सांगतात.

९ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

फोटो तपकिरी करायला जे लागतं ते आता दुकानात मिळत नाही, म्हणून घरीच बनवलं. मागच्या अंगणात विटांची चूल. एक भाग गंधक, पिवळी पूड. दोन भाग पोटॅशियम कार्बोनेट, पांढरी पूड. हे पूर्वी लाकडाच्या राखेतून काढायचे म्हणे. दोन्ही कालवून जुन्या लोखंडी कढईत, वर झाकण, आच मंद. वारा माझ्या पाठीकडून. दादा लांब स्टुलावर बसून हुकूम सोडत होता. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला चांगलं जमतं.

"झाकण फार उघडू नको, पेट घेईल. आता बघ. रंग काय?"

"पिवळा. वितळतंय. नारिंगी झालं. दादा, हे फसफसतंय!"

"फसफसू दे. वायू निघतोय. आता?"

"लाल. नाही, तपकिरी. अरे देवा!"

दोन कोरड्या निर्जीव पुडी. एक पिवळी, एक पांढरी. दहा मिनिटांत त्यांचं असं काहीतरी झालं की जे दोघींपैकी कोणातच नव्हतं. मी ते फरशीच्या तुकड्यावर ओतलं, थिजलं, आणि खाटकाच्या फळीवर असतं अगदी तसं काळीज समोर पडलं. तोच रंग, तीच तुकतुकी. जुने लोक त्याला गंधकाचं काळीजच म्हणायचे, असं दादा म्हणाला. मी किती वेळ उकिडवी बसून बघत राहिले. बासष्ट वर्षं या जगात राहून मला हे कोणी दाखवलं नव्हतं.

मग नाकात वास गेला. सडकी अंडी, तीही महिन्याची! मी पदराने नाक दाबलं. दादा मात्र शांत. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरवत बसला होता. "काय गोळ्या वळतोयस?" म्हटलं, तर त्याने हात खिशात घातला.

"वास कसा आहे?" त्याने विचारलं.

"नाक आहे ना तुला?"

"तू सांग. तू नवीन आहेस."

तुकडे करून रुंद तोंडाच्या बरणीत भरले.

१३ फेब्रुवारी

आज शिंपी नाहीसा झाला.

म्हणजे शिंप्याचा फोटो. या शिंप्याने बारा वर्षांपूर्वी फोटो काढवला आणि नेलाच नाही. त्याच्यावर सराव. ही गंमत दिवसाउजेडी करता येते, लाल दिवा लागत नाही. लाल खडे आणि त्यासोबत पांढरं पोटॅशियम ब्रोमाइड पाण्यात विरघळवलं, लिंबाच्या सालीसारखं पिवळं पाणी झालं. त्यात फोटो सोडला. आधी शिंप्याची सावली गेली. मग कोट. मग मिशा. शेवटी फक्त डोळ्यांची बुबुळं उरली होती, तीही माझ्याकडे बघता बघता गेली. थाळीत फिकट पिवळसर कोरा कागद.

"घालवलास ना माणूस!" मी ओरडले.

"कुठे गेलाय? तिथेच आहे. चांदी कागदातच आहे, फक्त दिसत नाही. दहा मिनिटं वाहत्या पाण्यात धू."

धुतला. मग काळजाचा एक खडा पाण्यात विरघळवून, चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून त्यात सोडला. आणि सगळं एकदम! पाच सेकंद लागले असतील नसतील. बुबुळं, मिशा, कोट, कोटाचं तुटलेलं बटण. शिंपी परत आला, पण आता गुळासारखा तपकिरी, उन्हात बसल्यासारखा उबदार.

मी मोरीच्या कडेवर बसले. वाटलं ती भीती नव्हती, पण दुसरा शब्द मला सुचत नाही. दादाला म्हटलं, "आयुष्यभर हे करत होतास आणि आम्हाला कधी सांगितलं नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणायचात, वास येतो, दार लाव."

खरं आहे. म्हणायचो.

१४ फेब्रुवारी

शिंप्याचा दुसरा फोटो, मी स्वतः मुद्दाम नवीन छापलेला. एक कागद गेला, पण दादा म्हणाला, एकदा पहिल्यापासून सगळं हाताखालून जाऊ दे. छापताना शेवटी हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या पाण्यात, बुडवतात आणि नंतर तासभर धुतात. मी पंधरा मिनिटांत उरकलं. पाणी फुकट वाहताना मला बघवत नाही.

पिवळ्या पाण्यात शिंपी गेला. काळजाच्या पाण्यात घातला. आला नाही. मी हलवलं, वाट पाहिली, नावाने हाक मारायची तेवढी बाकी होती. कोरा तो कोराच.

हायपो कागदात राहिला होता. एकटा हायपो शहाणा, एकटे लाल खडे शहाणे. दोघं भेटले की चांदी विरघळवून मोरीत वाहून नेतात. मग परत यायला काही उरतच नाही. हे दादाने मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

आता तासभर म्हणजे तासभर.

२० फेब्रुवारी

खऱ्या फोटोला हात घातला. लाल उजेडात कोऱ्या कागदावर आधी भुवया आल्या, मग वहिनीचा नवरा. पहिला फार काळा, दुसरा भुतासारखा पांढरा, तिसरा बरा, पण माझ्या बोटाचा ठसा गालावर. चौथा असा की मी थाळी हलवायची विसरले. डोळे मिटलेले, मान मागे, कानापर्यंत हसू. हा माणूस असा हसायचा हे मी विसरूनच गेले होते.

हल्ली तो हसत नाही. विनोद सांगितला तर "हो, छान" म्हणतो, तोंड माठासारखं. वहिनीच्या मागे माणूस आटला असणार. आज त्याला तो ओला फोटो दाखवला तर बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "घाई कर."

चौथा तासभर धुऊन वाळवून मोठ्या पुस्तकात दाबून ठेवला. कागद पाच उरले. आणखी दोन-तीन छापून घेऊ, मग त्यातला सर्वांत चांगला तपकिरी करू, म्हणजे धोका नको.

२४ फेब्रुवारी

माझ्या हातून फार वाईट झालं.

आज पाचवा छापायला घेतला. कागद थाळीत सोडला तर चेहरा यायच्या आधीच सगळा राखाडी झाला. पुढचा, तसाच. दादाने त्याच्या पुढचा न छापता नुसताच थाळीत टाकायला लावला. तोही राखाडी, धूर कोंडलेल्या खोलीसारखा. उरलेले दोनही गेले.

"काळजाची बरणी कुठे ठेवलीस?" त्याने विचारलं.

कागदाच्याच कपाटात ठेवली होती. ती जागा कोरडी, आणि काळजाला ओल लागली तर ते हिरवं पडतं. झाकण जरा ढिलं होतं. त्या वाफा साठत गेल्या की कागदाला विषासारख्या, अंधारातसुद्धा. मला ते ठाऊक नव्हतं. पण कपाट उघडलं की सडक्या अंड्याचा भपकारा येत होता, हे मला दहा दिवसांपासून ठाऊक होतं. रोज येत होता. आणि दादा रोज ते कपाट उघडत होता. मला वाटलं, हा उस्ताद. याच्या नाकावरून वास जातोय आणि हा काही बोलत नाही, म्हणजे चालत असणार. आपण कशाला नाकाने कांदे सोलायचे?

रागाने मी त्यालाच बोलले. "तुला वास आला नाही?"

"नाही."

"दहा दिवस?"

"नाही आला, छोटे."

मग थाळ्या धुवायला उठला. पाय घासत, इवलीइवली पावलं टाकत. तोंडावर राग नाही. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी खोलीत येऊन रडले. त्याची सर्दी जुनी आहे, औषध घेत नाही, हे मी आधीच ओळखायला हवं होतं.

१ मार्च

एकच उरला आहे. चौथा. पुस्तकातला.

मी म्हणते, आहे तसा द्यावा. काळा-पांढरा तर काळा-पांढरा. पिवळ्या पाण्यात घालून तो परत आलाच नाही तर? शिंपी विसरलेली नाही मी. दादा ऐकत नाही. "त्याला टिकायचं आहे," म्हणतो. एरवी माझ्यापुढे बोलायचा नाही, आणि या एका बाबतीत दगड.

आज सुचलं, नवीन फोटो काढू. फोनवर. खिडकीजवळ बसवलं. "हस," म्हटलं. तो समोर बघत राहिला. "अरे हस की! चिमणी येणार आहे, सासरी निघाल्यासारखा काय बसलास?"

"हसतोच आहे," तो म्हणाला.

वेंधळा कुठला. फोन बंद केला.

११ मार्च

आज केलं. क्रमाने लिहिते.

सकाळी चौथा फोटो आणखी एक तास धुतला, पाणी आठ वेळा बदललं. दार उघडं, मोरीवर ऊन. पिवळं पाणी ताजं. दादा माझ्या शेजारी उभा. फोटो सोडताना माझी बोटं सुटेनात, शेवटी त्याने माझ्या मनगटाला हात लावला. तो हात थरथरत होता. मला वाटलं, तोही घाबरलाय.

आधी केस गेले. मग खांदा. मग ते हसू, एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश. शेवटी कोरा पिवळट कागद. मी तो उचलून नळाखाली धरला. दहा मिनिटं. घड्याळ समोर.

तेव्हा दादा बोलला, कागदाकडे बघतच.

"गेल्या वर्षी डॉक्टरकडे गेलो होतो. नाव मोठं आहे त्या आजाराचं. मेंदूतलं काहीतरी कमी होत जातं. आधी वास जातो. मग अक्षर बारीक होतं. हात असा होतो." खिशातून हात काढून दाखवला, ती बोटं, त्या गोळ्या. "आणि चेहरा. आतून मी हसतो गं, छोटे. बाहेर पोचत नाही. पुढे अजून कमी पोचेल."

पाणी वाहत होतं. मला एकेक आठवायला लागलं. चिठ्ठ्या. मुंग्या. चिक्कू म्हटलं होतं मी त्याला. माठ म्हटलं. वेंधळा म्हटलं. एकतीस वर्षं मी एक वेलांटी चुकली तर पकडत होते, आणि हे एवढं मोठ्या टाइपात समोर मांडलेलं मला वाचता आलं नाही.

"आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच. "एवढा उपरेपणा? माझ्याशी?"

"तू दया केली असतीस. मला शिकणारं माणूस हवं होतं, रडणारं नको." मग म्हणाला, "झाली दहा मिनिटं."

काळजाचं पाणी ओतलं. भपकारा उठला.

"वास आला?" त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ताजं आहे की नाही ते आता माझ्याच नाकाला कळणार.

"आला. घाणेरडा. अगदी हवा तसा."

कागद सोडला. एक. दोन. तीन म्हणायच्या आत तो आला. सगळाच आला! दात, मिटलेले डोळे, गालावरच्या सुरकुत्या, तपकिरी, उबदार, पहिल्याहून जास्त जिवंत. कुठे गेला नव्हताच तो. त्या पिवळ्या कागदात दहा मिनिटं बसून होता, फक्त मला दिसत नव्हता.

मी रडले, दादाने सांगून ठेवलेलं असूनसुद्धा. मग मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चेहरा तसाच, सपाट. पण मी पहिल्यांदा नीट पाहिलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक बारीकशी घडी पडली होती. एवढीच. मुंगीएवढी.

"हसतोयस तू," मी म्हटलं.

"केव्हापासून," तो म्हणाला.

१२ मार्च

फोटो वाळला. मागे काहीतरी लिहायला म्हणून पेन त्याच्या हातात दिलं, त्याने ते परत माझ्या हातात ठेवलं. "तू लिही. तुझं अक्षर मोठं आहे." त्याने सांगितलं तसं लिहिलं: चिमणीसाठी. बाबा. फोटो आईने काढला, धुतला आत्याने.

चिमणीला आजाराचं अजून सांगितलेलं नाही. मी सांगू का म्हटलं, तर म्हणाला, मीच सांगेन, तोंडाने नाही.

तोंडाने नाही म्हणजे कशाने, ते मला कळलं नाही.

१४ मार्च

चिमणी आली. दारातच बॅग टाकून बापाच्या गळ्यात पडली, मग मागे होऊन त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. दीड वर्षाने येतेय पोर. "बाबा, रागावलात का? आनंद नाही झाला?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. दादाने मला हाताने थांबवलं. पाय घासत आत गेला. फार वेळ लागला त्याला. चिमणी माझ्याकडे बघत होती, मी चपलांकडे.

तो फोटो घेऊन बाहेर आला. दोन्ही हातांनी तो स्वतःच्या गालाशी धरला, कडेला कड लावून. एका बाजूला तो सपाट, थकलेला चेहरा; दुसऱ्या बाजूला तोच माणूस, मान मागे टाकून कानापर्यंत हसणारा. कागद थरथरत होता.

"तू आलीस ना," तो म्हणाला, "आत्ता मला असं झालंय."